सतरावा लुई कुठे गेला? (वाचकांचे प्रश्न)

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या शिरच्छेदाबद्दल एका वाचकाला उत्तर दिलं होतं. तेव्हापासून टपालात राजांच्या नावांबद्दलचीच पत्रं जास्त येत आहेत. एकतीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. चौदाव्या लुईचं कर्तृत्व पंधराव्याच्या नावावर घालणारी मुलं दर वर्षी असायची. मी लाल शाईने खूण करून पुढे जायचे, कारण त्या आकड्यांमागची गोष्ट सांगायला तासिका पुरायची नाही. आज सवडीने सांगते.

प्रश्न : युरोपातल्या राजांना नवीन नावं सुचत नव्हती का? सगळे लुई, हेन्री, जॉर्ज आणि एडवर्डच कसे?
— इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, वाई

बाळ, सुचत होती, पण नको होती. राजाच्या मुलाचं नाव म्हणजे गादीवरचा हक्क चारचौघांत सांगायची पहिली संधी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडेही आहेच. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ, त्यांचे नातू बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब. मग एकाच नावाची दोन माणसं ओळखायची कशी? आपण ‘थोरले’ म्हणालो, ‘सवाई’ म्हणालो. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हटलं की मराठी माणसाचा गोंधळ होत नाही.

युरोपातही आधी असंच चालायचं. टकल्या चार्ल्स, लठ्ठ लुई अशी नावं तिथल्या बखरींत सरळ लिहिलेली आहेत. इंग्लंडमध्ये १२७२ ते १३७७ या काळात बाप, मुलगा आणि नातू असे तीन एडवर्ड लागोपाठ राज्यावर आले आणि कारकुनांची पंचाईत झाली. जमिनीचा कागद कोणत्या एडवर्डच्या काळातला हे कळायला हवं ना! म्हणून तिसऱ्याच्या वेळी दप्तरात ‘विजयानंतरचा तिसरा एडवर्ड’ असं लिहू लागले. हा विजय म्हणजे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तो.

आता यातली गंमत बघ. १०६६ च्या आधीही इंग्लंडात एडवर्ड नावाचे तीन राजे होऊन गेले होते. त्यांतला शेवटचा संत म्हणून पूजला जातो आणि त्याची समाधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. तिसऱ्या हेन्रीची त्या संतावर फार भक्ती होती. त्याच्याच नावावरून त्याने आपल्या मुलाचं नाव एडवर्ड ठेवलं, आणि तो मुलगा इतिहासात ‘पहिला एडवर्ड’ झाला! ज्याच्यावरून नाव ठेवलं तो मोजणीतच नाही. वर्गात माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट हीच. हा आकडा म्हणजे हजेरीपटावरचा नंबर नाही. मोजायला कुठून सुरुवात करायची आणि कोणाला धरायचं, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवलेलं असतं.

अगदी टोकाचं उदाहरण हवं असेल तर जर्मनीतलं रॉइस घराणं बघ. ते राजे नव्हते, लहानशा संस्थानांचे अधिपती होते. सम्राट सहाव्या हेन्रीच्या सन्मानार्थ या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश, म्हणजे जर्मनमधला हेन्री, आणि राज्यावर येवो न येवो, प्रत्येकाला क्रमांक. १८४८ मध्ये पायउतार झालेला त्यांचा एक अधिपती बहात्तरावा हाइनरिश होता.

प्रश्न : आजीच्या डब्यात चांदीचे रुपये सापडले. सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज आहेत. आठव्या एडवर्डचा एकही नाही. आणि आधीच्या चार जॉर्जांचे रुपये कधी पाहण्यातच आले नाहीत. ते निघालेच नाहीत का?
— एक वाचक, कराड

आजीचा डबा जपून ठेवा आणि नाणी पॉलिशने घासू नका, ही आधी विनंती.

पहिले चार जॉर्ज १७१४ पासून १८३० पर्यंत एकापाठोपाठ एक गादीवर आले. त्या काळात आपल्याकडे कंपनी सरकार रुपये पाडत होतं, पण मोगल बादशहांच्या, पुढे शाहआलमच्या नावाने. मुंबईच्या टांकसाळीतल्या सुरती रुपयावरही त्याचंच नाव आणि त्याच्याच कारकिर्दीचं वर्ष. त्यामुळे तुमच्या डब्यात ते चार जॉर्ज सापडणार नाहीत. पण आपल्या इतिहासात ते आहेत. तिसरा जॉर्ज ऑक्टोबर १७६० मध्ये राजा झाला आणि जानेवारी १८२० मध्ये वारला. म्हणजे पानिपतावर विश्वासराव पडले तेव्हा लंडनच्या गादीवर तो, आणि १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं तेव्हाही तोच. हे मी पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा वही मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते.

रुपयावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा सगळीकडे दिसू लागला तो १८३५ पासून, चौथ्या विल्यमचा. तो रुपया मिळाला तर नावापुढचा आकडा बघा. चारसाठी नेहमीचं रोमन चिन्ह नाही, चार उभ्या रेघा ओढल्या आहेत. मग आली राणी व्हिक्टोरिया. तिचा रुपया ‘राणीछाप’ म्हणून आपल्या आज्यांच्या तोंडी बसलेलाच आहे.

राणीचा मुलगा घरात बर्टी. पाळण्यातलं नाव आल्बर्ट एडवर्ड. आईची इच्छा होती की त्याने दोन्ही नावं लावावीत. १९०१ मध्ये राजा होताना त्याने सांगितलं की आल्बर्ट हे नाव माझ्या वडिलांचं, ते त्यांच्या एकट्याचंच राहू दे. आणि तो सातवा एडवर्ड झाला. वडिलांबद्दलचा हा आदर मला फार भावतो. तुमच्याकडच्या त्याच्या रुपयावर डोक्यावर मुकुट नाही, उघडं टक्कल आहे, ते पाहिलंच असेल. परळचं केईएम रुग्णालय त्याच्याच नावाचं. के म्हणजे किंग आणि ई म्हणजे एडवर्ड.

आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारीत राजा झाला आणि डिसेंबरात त्याने गादी सोडली. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया त्याच्या नावाने निघालाच नाही. कच्छ संस्थानाने मात्र त्या एका वर्षात त्याच्या नावाच्या कोऱ्या, म्हणजे कच्छची चांदीची नाणी, पाडल्या. कधी भुजकडे गेलात तर जुन्या नाण्यांच्या दुकानात विचारून पाहा.

त्याच्यामागून आलेला धाकटा भाऊ, त्याचंही नाव आल्बर्टच होतं. भाऊ गादी सोडून गेलेला, लोकांचा विश्वास डळमळलेला. अशा वेळी त्याने वडिलांचं नाव घेतलं आणि सहावा जॉर्ज झाला. काही बदललेलं नाही, वडिलांचंच राज्य पुढे चालू आहे, हे सगळं त्या एका नावातून लोकांना कळलं.

प्रश्न : सोळाव्या लुईनंतर एकदम अठरावा लुई येतो. सतरावा कुठे गेला? की छपाईची चूक?
— एक वाचक, अंबाजोगाई

छपाईची चूक नाही. सतरावा लुई हा एक लहान मुलगा होता. त्याची गोष्ट लिहिताना माझा हात आजही जड होतो.

त्याचं नाव लुई शार्ल. जन्म मार्च १७८५ चा. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांचा हा धाकटा मुलगा. थोरला भाऊ जून १७८९ मध्ये आजाराने गेला आणि चार वर्षांचं हे पोर युवराज झालं. पुढच्याच महिन्यात बास्तीयचा तुरुंग पडला. ऑगस्ट १७९२ मध्ये सगळ्या कुटुंबाला पॅरिसच्या तांप्ल नावाच्या जुन्या बुरुजात कोंडलं. वडिलांवर खटला चालला तेव्हा क्रांतिकारकांनी त्यांचा ‘लुई कापे’ असाच उल्लेख केला. कापे हे आठशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मूळपुरुषाचं टोपणनाव. राजाला आडनाव नसतं, म्हणून मुद्दाम आडनाव चिकटवलं आणि आकडा काढून घेतला. २१ जानेवारी १७९३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

राजेशाहीच्या बाजूच्या लोकांच्या लेखी त्या क्षणी हा सात वर्षांचा मुलगा सतरावा लुई झाला. त्याचा राज्याभिषेक झाला नाही, दरबार भरला नाही. त्याचं राज्य म्हणजे बुरुजातली एक खोली. जुलैमध्ये त्याला आईच्या हातून ओढून नेलं आणि सिमों नावाच्या चांभाराच्या ताब्यात दिलं. ऑक्टोबरमध्ये आईचाही शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सिमों गेला आणि त्यानंतर कित्येक महिने तो मुलगा एकटाच कोंडलेला होता. त्याची थोरली बहीण त्याच बुरुजात होती, पण भावाबहिणीची भेट होऊ दिली नाही. ८ जून १७९५ रोजी तो वारला. वय दहा वर्षं. क्रांतीने जगाला समतेचे शब्द दिले, ते मी वर्गात मनापासून शिकवले आहेत. म्हणून या मुलाचे हाल झाकावेत असं मला कधीच वाटलं नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या पेलतां नावाच्या डॉक्टरने त्याचं हृदय गुपचूप रुमालात गुंडाळून बाहेर आणलं. देह कुठे पुरला याची नीट खूण ठेवली नाही, त्यामुळे ‘तो मेला नाही, निसटला’ असं बोललं जाऊ लागलं. पुढची कित्येक वर्षं ‘मीच तो राजपुत्र’ म्हणणारे तोतये निघत राहिले. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, तशीच ही माणसं. नाऊनडॉर्फ नावाचा एक घड्याळजी तर इतका ठाम होता की १८४५ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी तो वारला, तेव्हा त्याच्या थडग्यावर सतरावा लुई असंच कोरलं गेलं. शेवटी २००० साली त्या जपलेल्या हृदयाची डीएनए तपासणी झाली. मारी आंत्वानेतच्या केसांशी ताडून पाहिलं, आणि आईकडून येणारा वारसा जुळला. ८ जून २००४ रोजी, बरोबर २०९ वर्षांनी, ते हृदय सँ-दनीच्या राजसमाध्यांमध्ये ठेवलं.

आता तुमचा प्रश्न. नेपोलियन पडल्यावर १८१४ मध्ये सोळाव्या लुईचा भाऊ गादीवर आला. त्याने स्वतःला सतरावा म्हणवून घेतलं असतं, तर पुतण्या कधी राजा झालाच नाही असं मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून तो अठरावा झाला. पुढे जाऊन त्याने १८१४ च्या सनदेवर ‘आमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष’ असं लिहिलं. पुतण्या वारला त्या दिवसापासून आपण राजा आहोत, मधलं प्रजासत्ताक आणि मधला सम्राट धरायचाच नाही, असा त्याचा हिशोब. या दुसऱ्या हिशोबात सरळ सरळ राजकारण आहे. सतरा हा आकडा मात्र त्याने त्या मुलासाठी मोकळा ठेवला, याबद्दल मला त्याच्याविषयी थोडी माया वाटते.

नेपोलियनच्या घराण्यानेही पुढे हेच केलं. त्याचा मुलगा एकविसाव्या वर्षी व्हिएन्नात वारला. त्याने राज्य असं केलंच नाही, पण दुसरा क्रमांक त्याच्यासाठी राखला आणि १८५२ मध्ये पुतण्या तिसरा नेपोलियन झाला. आणि फार पूर्वी, १३१६ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला फ्रान्सचा एक राजा अवघे पाच दिवस जगला. त्याचं नाव जाँ. त्याच्यानंतर त्या नावाचा जो राजा आला तो दुसरा जाँ झाला. पाच दिवसांच्या बाळाचा ‘पहिला’ हा मान कोणी काढून घेतला नाही.

प्रश्न : गोव्याच्या इतिहासात पहिला फिलिप आणि स्पेनच्या इतिहासात दुसरा फिलिप, यांच्या तारखा एकच कशा?
— एक वाचक, मडगाव

कारण माणूस एकच. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ती मिळवली. पोर्तुगालमध्ये त्याआधी फिलिप नावाचा राजा झाला नव्हता, म्हणून लिस्बनच्या आणि गोव्याच्या हिशोबात तो पहिला. त्याचा मुलगा आणि नातू हेही असेच एका आकड्याने मागेपुढे. १६४० मध्ये पोर्तुगीजांनी चौथ्या जुआंवला गादीवर बसवलं आणि हे प्रकरण मिटलं. याच चौथ्या जुआंवची मुलगी कातारिना इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि १६६१ च्या करारात मुंबई आंदण गेली. गोव्याचे जुने कागद वाचताना राजाच्या आकड्याआधी कागद कुठे लिहिला आहे ते बघायचं, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असते. तिथले राजे सोळावे कार्ल गुस्ताव्ह आहेत. तिचे सहकारी म्हणतात की त्यांच्याकडे सोळा कार्ल कधी झालेच नाहीत. हे खरं का? आणि शेजारच्या नॉर्वे-डेन्मार्कमध्येही असंच आहे का?
— एक वाचक, नाशिक

खरं आहे. कार्ल नावाचा पहिला राजा ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं, तो बाराव्या शतकातला, ११६७ मध्ये मारला गेलेला. त्यालाच यादीत सातवा म्हणतात. त्याच्या आधीचे सहा कार्ल योहानेस माग्नुस या परागंदा आर्चबिशपच्या ग्रंथातून आले. आपला देश किती पुरातन हे जगाला दाखवायच्या ओढीने त्याने स्वीडनच्या राजांची लांबच लांब वंशावळ रचली. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५४ मध्ये रोममध्ये छापला गेला. गुस्ताव्ह वासाच्या धाकट्या मुलाने ती यादी खरी मानून नववा कार्ल हे नाव घेतलं. प्रत्यक्षात तो तिसरा होता. आजचे सोळावे म्हणजे खरे दहावे. चूक कळून पिढ्या लोटल्या, पण आकडा कोणी मागे घेतला नाही. नाण्यांवर, कायद्यांवर, थडग्यांवर कोरलेलं बदलणार कसं?

त्याच यादीतला चौदावा कार्ल तुमच्या मुलीला जरूर सांगा. तो जन्माने फ्रेंच, नेपोलियनचा सरदार बर्नादोत. स्वीडनच्या तेराव्या कार्लला वारस नव्हता, म्हणून १८१० मध्ये त्याला युवराज म्हणून निवडलं आणि राजाने दत्तक घेतलं. त्याला नाव दिलं कार्ल योहान. दत्तकाला घराण्यातलं नाव देणं आपल्याला समजावून सांगायला नको. आजचं राजघराणं त्याचंच.

डेन्मार्कमध्ये १५१३ पासून पाळी ठरलेली. एक क्रिस्तियान, मग एक फ्रेडरिक, मग पुन्हा क्रिस्तियान. १९७२ पर्यंत त्यात खंड पडला नाही, मग राणी मार्गारेट आल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि दहावा फ्रेडरिक राजा झाला. युवराजाचं नाव अर्थातच क्रिस्तियान. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीची डॅनिश वसाहत चौथ्या क्रिस्तियानच्या काळातली.

नॉर्वेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते. नॉर्वेत सहावा हाकोन १३८० मध्ये वारला. पुढची पाचशे वर्षं देश आधी डेन्मार्कशी आणि मग स्वीडनशी बांधलेला, स्वतःचा वेगळा राजा असा नाहीच. १९०५ मध्ये नॉर्वे स्वतंत्र झाला आणि लोकांनी मतदान करून राजा निवडला, डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल. त्याने ठरवलं की आपण कार्ल नावाने यायचं नाही. सव्वापाचशे वर्षांपूर्वी जिथे खंड पडला तिथूनच पुढे मोजायचं. तो सातवा हाकोन झाला. दोन वर्षांच्या मुलाचं नाव अलेक्झांडर होतं, ते बदलून ओलाव केलं, तेही जुन्या नॉर्वेजियन राजांचं.

परक्या राजपुत्राने जुनं नाव घेतलं म्हणून तो लगेच आपला होत नाही. पण एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य शिरलं आणि जर्मनांच्या बाजूच्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमा अशी मागणी आली. तेव्हा या राजाने मंत्र्यांना सांगितलं की तुम्हाला मान्य करायचं असेल तर करा, पण मग मी गादी सोडेन. मंत्री त्याच्यामागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तो होता त्या न्युबेर्गसुंद गावावर बॉम्ब पडले. राजा आणि युवराज रानात पळून वाचले. ७ जून रोजी ते त्रोम्सोहून इंग्लंडला निघाले.

पुढची पाच वर्षं नॉर्वेत राजाचं नाव उघडपणे घेणं धोक्याचं होतं. तेव्हा लोकांनी त्याचं आद्याक्षर आणि आकडा घेतला. एच आणि त्यात गुंतवलेला सात. भिंतींवर खडूने, रस्त्याकडेच्या बर्फात काठीने, रात्रीतून ही खूण उमटायची आणि सकाळी सैनिक ती पुसत फिरायचे. तुमच्या मुलीला सुट्टीत ऑस्लोला जाता आलं, तर तिथल्या जुन्या नाण्यांवर ती खूण बघायला सांगा. ७ जून १९४५ रोजी, निघाला त्याच तारखेला, सातवा हाकोन परत आला. १९५७ मध्ये तो गेला आणि त्याचा तो अलेक्झांडर पाचवा ओलाव म्हणून गादीवर बसला. आजच्या युवराजाचं नाव हाकोन आहे.